मावशीच्या गळ्यातली तू

माय,

तुझा टाक नवा करून दे, असं मावशी म्हणाली तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. तू गेल्यावर वर्ष सरायच्या आत लोकांनी बाबांना पुन्हा बोहल्यावर चढवलं. बिडकीनकडची, आपल्यासारखीच मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी बघितली आणि ती मुकुंदवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत नांदायला आली. मला सांगितलं, हिला मावशी म्हण. मी म्हटलं, आणि आजही तेच म्हणते. तिच्याबरोबर त्याच दिवशी तूही परत घरात आलीस, कारण आपल्यात रीत आहे, पहिली गेलेली असली तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. देवघरात असतो तसलाच चांदीचा पत्रा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर ठशानं उठवलेली बाई, वर कडी, काळ्या दोऱ्यात ओवलेला. गेलेलीचा मान राहावा, तिनं रुसून नव्या संसारात खोडा घालू नये म्हणून. तो टाक बाबांनी शहराला लागूनच असलेल्या सातारा गावच्या खंडोबाच्या जत्रेतून आणला होता. सवतीशिवाय दुसऱ्या कुणी तो गळ्यात घालायचा नाही, पोटच्या पोरीनंसुद्धा नाही.

मावशीनं तुला नुसतं घातलं नाही, तुझ्याशी भांडण मांडलं, गप्पा मारल्या. रोज आंघोळ झाली की टाकाला हळदकुंकू लावायचं आणि चुलीशी, पुढं गॅसशी उभं राहून सगळं गाऱ्हाणं सांगायचं. “बग बाई, तुझी पोरगी जेवत नाय. मी काय करू सांग, मारू का?” बाबांची कंपनीतली पाळी बदलली की तुला कळायचं, भाजी करपली की तुला कळायचं, मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मला जवळ घेण्याआधी तिनं ते तुला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत पांघरुणात तोंड खुपसून ऐकत होते आणि मला तुम्हा दोघींचा राग आला होता. दहावीनंतर मी दागिन्यांचं काम शिकायचं म्हणाले तेव्हा घरात रण माजलं. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीतले एक म्हातारे उस्ताद शिकवायला तयार होते, पण आत्या म्हणाली, मेंढक्याच्या पोरीनं भट्टीपुढं बसायचं, तेही परक्या बाप्यासमोर? सगळे बोलून दमले तेव्हा मावशीनं मुठीत टाक धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, “ती व्हय म्हणली. आता कुणी बोलायचं नाय.” गेलेल्या बाईच्या शब्दापुढं कोण बोलणार? मी शिकायला गेले ते तुझ्या शब्दावर.

उस्तादांनी पहिला महिनाभर मला चांदीला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक बाई आली की मी नुसतं तिच्याकडं बघायचं. “पैले हाथ देखो बेटा, चांदी तो भागके नईं जारी,” म्हणायचे. ती पर्स कुठल्या खांद्याला अडकवते, लेकरू कुठल्या कडेवर घेते, बोलताना मान कुठं वळवते. त्यांचं ते म्हणणं माझ्या अंगात मुरलंय. आता मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, घराच्या वरच पत्र्याची खोली घालून मी काम करते. बायका आजीची तुटकी पैंजणं, एकटं उरलेलं कानातलं, चेपलेले वाळे घेऊन येतात आणि मी त्याच चांदीतून नवं करून देते. पण आधी त्यांना चहा करायला लावते, माझ्याच गॅसवर. हसतात, पण करतात, आणि कप देताना त्यांचा हात कसा पुढं येतो त्यावरून मला कडं कसं हवं ते कळतं. दागिना पाठीमागूनही समोरच्याइतकाच नीट पाहिजे, हा माझा दुसरा हट्ट. समोरची बाजू लोकांसाठी असते, मागची तिच्या अंगाला लागते. यामुळं माझं काम लवकर होत नाही, पण केलेलं परत येत नाही. माझ्या नावावर आता शहरात दोन-चार जणी भांडतात, आधी माझा नंबर म्हणून. तुला हे सांगताना बरं वाटतंय.

तर मावशीनं टाक माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, “झिजून पार सपाट झाली गं बाई माझी. नाक ऱ्हायलं नाय, डोळे ऱ्हायले नाय. तू एवढ्या जगाचं करती, मायचं कामून करत नाय?” मी म्हणाले, जत्रेत छापाचे मिळतात, आणून देते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. मला करायचं नव्हतं असं नाही. मला येत नव्हतं. मी गिऱ्हाइकाला बघितल्याशिवाय साधी अंगठी करत नाही आणि तुझा चेहराच मला आठवत नाही, माय. लग्नाचा एकच फोटो होता, तो वाळवीनं खाल्ला. तुझा आवाज आठवतो, पदराला येणारा तांब्याचा नि घामाचा वास आठवतो. चेहऱ्याच्या जागी काही नाही. मी आता तुझ्यापेक्षा वयानं मोठी झालेय, त्यामुळं आरशात बघूनही उपयोग नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते, कारण आईचा चेहरा विसरलेली मुलगी म्हणजे काय मुलगी, असं मलाच वाटायचं.

तुझी आठवण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला तो कोपरा. वाळूजच्या कुठल्याशा शेडमधून तांब्याच्या तारेची रिळं घरी यायची आणि तू मोटारीच्या कॉइल भरून द्यायचीस. लाकडी साच्यावर हँडल फिरवत तू तार गुंडाळतेयस, एकेक वेढा मनात मोजतेयस, मागं कुकरची शिट्टी होतेय. मला बजावलेलं असायचं, मोजताना हाक मारायची नाही. एक दिवस मी मारली. काहीतरी फालतूच विचारलं असणार. तुझं मोजणं चुकलं. तू क्षणभर थांबलीस, हँडल उलटं फिरवून सगळी कॉइल उकललीस, आणि मग उठून मला पाठीत असा धपाटा घातलास की माझा श्वासच अडकला. “तुला सांगून कळत नाय?” एवढंच बोललीस. मी माठाशेजारी बसून रडले, तू पहिल्यापासून गुंडाळत राहिलीस. संध्याकाळी उरलेल्या तुकड्यातून तू एक अंगठी वळलीस, वर तारेचाच बारीक गुंडा, फुलासारखा. माझ्या बोटात घातलीस आणि भाकरी थापायला बसलीस. त्या अंगठीनं बोट हिरवं पडायचं, मला ते हिरवं फार आवडायचं. मला दागिना कळला तो तेव्हा, असं मी लोकांना सांगत नाही, कारण सांगितलं की ते लगेच मान हलवतात आणि मग मला लाज वाटते. पण कळला तेव्हाच.

शेवटी मी टाक घेऊन वरच्या खोलीत गेले, आणि गेले ती एक आशा मनात धरून. असल्या टाकाला मागून लाख भरलेली असते. समोरची बाजू बोटांनी, कपड्यानं, हळदकुंकवानं झिजते, पण लाखेखालची खोलगट बाजू जशी ठोकली तशीच राहते. जत्रेतल्या सोनारानं तुला बघितलं नव्हतं हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, जे काय त्यानं तुझं म्हणून केलं, ते तरी दिसेल. मी टाक हलकेच तापवला, लाख काढली, रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं धुतला आणि त्या खळग्यात मऊ मेण दाबलं. मेण गार झाल्यावर काढलं, खिडकीशी नेलं. उजेडात स्पष्ट दिसत होता एक घोडा. घोड्यावर एक बाप्या. हातात तलवार, डोक्याला पागोटं आणि ओठांवर चांगल्या जाडजूड मिशा.

मी कितीतरी वेळ ते मेण उलटसुलट करून बघत बसले. तो वीराचा टाक होता, कुणाच्या तरी घराण्यात लढून पडलेल्या पूर्वजाचा. जत्रेत देवांच्या, बायकांच्या, वीरांच्या सगळ्या टाकांचा एकच ढीग असतो, आणि नखाएवढा उथळ ठसा पहिल्याच दिवशी हळदकुंकवानं भरून जातो. मी तशीच खाली आले. बाबा बाजेवर पेपर वाचत होते, मावशी मेथी निवडत होती. मी मेण तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “मावशी, ही बघ तुझी सवत.” तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. “आगं, हा तर बाप्या हाय!” मी म्हणाले, होय, आणि घोडापण आहे. “आगं माय! हे शेपूट? मी ह्याला पदर समजत व्हते गं! पदर घेतलेली बाई म्हणून रोज कुकू लावलं की मी!” आणि ती हसायला लागली. मेथी सांडली, डोळ्यांतून पाणी आलं, मला धरून हसत राहिली. “म्हंजी माझं बायकी दुखणं, ह्यांच्या तक्रारी, समदं ह्या मिशाळ्यानं ऐकलं? कवा एका शब्दानं बोलला नाय गं बिचारा!” मीही हसत होते. म्हणजे मला भट्टीपुढं बसायची परवानगी दिली ती घोड्यावरच्या कुणा परक्या माणसानं.

बाबा मात्र हसले नाहीत. पेपर घडी करून त्यांनी उशाशी ठेवला. मावशी म्हणाली, “काय हो, घेताना बगितलं नाय का तुमी?” बाबा म्हणाले, “नाय.” मग म्हणाले, “सोनार म्हणला, बगून घ्या. मी म्हणलं, बांध कागदात. मला बगवलं नसतं.” माय, बाबा तुझ्याबद्दल कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, दुसरं लग्न केलं, विसरले, पुरुषाचं काय. मावशीचा चेहरा मी बघितला. इतक्या वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं आणि ते तिला लागलं, हे मला दिसलं. ती उठली, आमच्याकडं पाठ करून गॅसशी गेली, चहाचं आधण ठेवलं. तिकडूनच म्हणाली, “मंग आता पोरीला सांगा. कशी दिसायची ती? नीट सांगा. तिला करायचंय.”

बाबांना सांगता येईना. गोरी का सावळी, नाक कसं, काही धड सांगता येईना. “दिसायची आपली... चांगली दिसायची,” असं काहीतरी. मग म्हणाले, “वर बगायचीच नाय ती. कायम मान खाली, तारंत. मी पाळीवरून आलो तरी तशीच. आन तार दातात धरायची, टोक सुटू नाय म्हणून. तोंडात तार, आन मनात मोजणं चाललेलं. मंग मी काय इचारलं तर नुसती मानंनं सांगायची. व्हय असलं तर अशी, नाय असलं तर अशी.” आणि बाबांनी करून दाखवलं. साठी उलटलेला तो माणूस बाजेवर बसून मान खाली घालून तुझं व्हय-नाय करत होता. ती मान मला आठवली, माय. मी माठाशेजारी बसून बघायचे ती. भांग, भांगातलं कुंकू, कपाळावर आलेली बट, आणि मान एकदाच खाली जायची, अगदी थोडी. मला तुझा चेहरा आठवत नव्हता कारण तो माझ्याकडं फारसा वळलेलाच नव्हता. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट इतकं हलकं वाटलं की मी तिथंच रडले. मावशी अजून चहा ढवळत होती. तो उकळून उकळून काळा झाला होता, तरी आम्ही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तिच्या लहानपणीचे वाळे आणून दिले. “ह्यातून कर. ती माझ्या चांदीत बसली तर मला बरं वाटंल.” नुसती शुद्ध चांदी मऊ असते, रोज अंगावर वागवायच्या जिनसेला थोडं तांबं घालावंच लागतं. मी भंगारातून जुन्या पंख्याची कॉइल आणली, तारेवरचं वार्निश जाळलं आणि ती चिमूटभर तार मुशीत टाकली. ती तुझ्या हातची नव्हती हे मला कळतं, मी काही वेडी नाही. तरीही टाकताना एकेक वेढा मोजला. मग पत्रा ठोकला, राळेत बसवला आणि मागच्या बाजूनं बोथट खिळ्यांनी उठाव द्यायला लागले. या कामात तुम्ही खड्डा करत असता आणि पलीकडं चेहरा उगवत असतो, तो बघायला शेवटी पत्रा उलटावा लागतो. आधी मी हट्टानं समोर बघणारा चेहरा करून बघितला, दोनदा. दोन्ही वेळा उलटून बघितलं तर मावशी. रागावू नकोस, पण ज्या चेहऱ्याकडं बघत मी वाढले तोच हातात बसलाय. दोन्ही पत्रे वितळवले.

तिसऱ्यांदा मी तुझी मान केली. टाकावरची बाई समोर बघणारी असते, उभी, हातात काहीतरी शस्त्र. तू बसलेली आहेस. मान खाली, भांग समोर, एक बट कपाळावर, आणि दातांपासून हातापर्यंत एक तार, ती मी खरीच तार वळून, डाग देऊन झाळली. चेहरा सावलीत आहे. मागून लाख भरली नाही. जितकी समोरून नीट आहेस तितकीच मागूनही केली, म्हणजे मावशीच्या अंगाला काही टोचणार नाही. आयुष्यात केलेल्या सगळ्या कामात मला हे सगळ्यात जास्त आवडलं आणि हे मी कुठल्याही गिऱ्हाइकाला दाखवणार नाही.

काल तो टाक मावशीला दिला. बाबांनी स्वतः दोरा ओवला. त्यांना मोतीबिंदूमुळं कडी सापडेना, तरी दुसऱ्या कुणाला देईनात. आणि या वेळी त्यांनी बघितलं. बोटानं चाचपून, उजेडाकडं धरून, अगदी सावकाश. मग मान हलवली. वीराला मावशीनं देवघरात जागा दिली. “इतकी वर्सं माझं ऐकलंय त्यानं, आता कुठं हाकलू? बसू दे आरामात,” म्हणाली. मग टाक गळ्यात घातला, सवयीनं मुठीत धरला, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हणाले, काय झालं? तर म्हणाली, “लाज वाटती गं. त्या मिशाळ्याला मी वाट्टंल ते बोलले. आता ही खरी आली, हिला पैल्यांदा काय सांगावं?” नव्या नवरीसारखी गोरीमोरी झाली होती. थोड्या वेळानं मी भाजी चिरत होते तेव्हा गॅसशी तिचा आवाज आला, अगदी हळू. “वर बग की गं बाई. तुझ्या पोरीनं केलंय.”

हे पत्र मी डिझाइनच्या कागदांच्या मागच्या बाजूला लिहिलंय आणि त्यांच्यातच ठेवून देणार आहे. मावशी आता रोज तुझ्याशी बोलेल आणि लवकरच तिची भीड चेपेल, मग ती तुला खोदून खोदून विचारेल. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. टाक परवाच पूर्ण झाला होता. मी तिला म्हणाले, अजून पॉलिश राहिलंय, आणि तुला माझ्या गळ्यात घालून बाहेर पडले. कुर्त्याच्या आत. स्टेशनवर गाडी बघितली, बाजारातून वांगी घेतली, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, उसाचा रस प्यायले. संध्याकाळपर्यंत तू माझ्याकडं होतीस. मावशीला सांगू नकोस.